चार रविवार आणि एक रिकामं खोकं: आगमनकाळात नव्याने येणाऱ्यांसाठी

पॅरिशमध्ये, म्हणजे एखाद्या चर्चभोवतीच्या धर्मग्रामात, नवीन आलेला माणूस नोव्हेंबरच्या अखेरीस एकदा तरी गोंधळतो. बाहेर सगळीकडे नाताळची गाणी वाजायला लागलेली असतात आणि चर्चमध्ये पाहावं तर फुलं कमी झालेली, फादर जांभळ्या वस्त्रांत, दर रविवारी म्हटलं जाणारं ‘ग्लोरिया’ हे महिमागीतही गायब. मागच्या बाकावरच्या एका नवीन बाईंनी मला हळूच विचारलं होतं, ‘‘कुणी वारलंय का?’’ कुणी वारलेलं नव्हतं. आगमनकाळ (ॲडव्हेंट), म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू झाला होता.

तुम्ही स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) तयारी करत असाल, लग्नामुळे कॅथॉलिक घरात आला असाल, बऱ्याच वर्षांनी पुन्हा चर्चची पायरी चढत असाल किंवा नुसतेच शेजाऱ्यांबरोबर येणार असाल, तर हे चार आठवडे कसे काढायचे ते पुढे क्रमाने सांगते. नवीन माणसाला सगळे प्रार्थना एका बाजूला आणि दानधर्म दुसऱ्या बाजूला शिकवतात. प्रार्थना सकाळी आणि दान नाताळच्या आदल्या दिवशी, अशी वाटणी होते. मी ती मोडून सांगणार आहे, कारण माझा अनुभव असा की प्रार्थनेत ज्यांची नावं आली त्यांच्यापर्यंत हात पोचला नाही, तर चौथ्या आठवड्यापर्यंत प्रार्थनाही कोरडी पडते.

आधी तारीख काढा

आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे संत आंद्रेयाच्या सणाला, ३० नोव्हेंबरला, सर्वांत जवळचा रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्येच येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला आणि २०२८ मध्ये थेट ३ डिसेंबरला. रविवार चारच असतात, पण चौथा आठवडा कधी पूर्ण सात दिवसांचा, तर कधी जेमतेम एका दिवसाचा. २०२८ मध्ये २४ डिसेंबरला सकाळी चौथा रविवार आणि त्याच संध्याकाळी नाताळची पूर्वसंध्या. अशा वर्षी ‘एकाच मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) दोन्ही उरकू’ असं होत नाही. रविवारची मिस्सा वेगळी आणि नाताळची वेगळी.

हा रविवार चर्चच्या उपासनावर्षाचा पहिला दिवसही असतो. रविवारची शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राची, वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात: पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. २०२६ च्या आगमनकाळात मार्कचं वर्ष सुरू होईल, २०२७ मध्ये लूकचं. हे सगळं बहुतेक कॅथॉलिक चर्चमध्ये चालणाऱ्या रोमन उपासनाविधीचं आहे. मिलानच्या अँब्रोझियन विधीत आगमनकाळ सहा आठवड्यांचा असतो आणि पूर्वेकडच्या कॅथॉलिक परंपरांचे उपवास आणि तारखा वेगळ्या आहेत. तुमचं चर्च त्यांपैकी असेल तर तिथल्याच फादरांना विचारा.

तारीख कळली की कॅलेंडरवर आणखी तीन खुणा करा. ८ डिसेंबर हा मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. इथे बहुतेक नवीन माणसं फसतात. हा सण येशूच्या गर्भसंभवाचा नाही. मरिया स्वतः आपल्या आईच्या उदरात आली तीच मूळपापाच्या डागाविना, असा हा धर्मसिद्धांत आहे आणि पोप नववे पायस यांनी तो १८५४ मध्ये जाहीर केला. दुसरी खूण १७ डिसेंबरला. त्या दिवसापासून वाचनांचा रोख बदलतो, त्याबद्दल पुढे. तिसरी खूण तुमच्या पॅरिशमध्ये दानाच्या वस्तू स्वीकारायची शेवटची तारीख असेल त्या दिवशी. ती बहुधा नोटीस बोर्डवर लावलेली असते आणि बहुधा कुणी वाचत नाही.

पहिल्या रविवारी काय पाहाल

जांभळा रंग तयारीचा आणि पश्चात्तापाचा. ग्लोरिया थांबतं, कारण ते बेथलेहेमच्या देवदूतांचं गीत आहे आणि त्या रात्रीसाठी ते जणू राखून ठेवलेलं असतं. पण ‘आलेलुया’ चालू राहतं, ईस्टरआधीच्या उपवासकाळात मात्र तेही बंद होतं. या एका फरकावरून ओळखा की आगमनकाळ म्हणजे छोटा उपवासकाळ नव्हे. यात संयम आहे, पण शोक नाही.

पहिल्या रविवारचं शुभवर्तमान ऐकून नवीन माणूस आणखी चकतो. बाळ नाही, गोठा नाही. ‘जागे राहा, धनी कधी येईल ते तुम्हाला ठाऊक नाही’ असा सूर असतो. आगमनकाळाच्या पहिल्या भागात चर्च ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे पाहतं, जन्माकडे वळतं ते नंतर. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान समोर येतो. चौथ्या रविवारी मरिया किंवा योसेफ.

तिसऱ्या रविवारी फादर गुलाबी वस्त्रांत दिसले तर दचकू नका. तो ‘गाउदेते’ रविवार, लॅटिनमध्ये ‘आनंद करा’. अर्धी वाट संपली म्हणून थोडा श्वास घ्यायचा. सगळीकडे गुलाबी वस्त्रं असतातच असं नाही, नसली तर जांभळीच वापरतात.

घरी: हिरवं कडं आणि दहा मिनिटं

ॲडव्हेंट रीथला मराठीत पुष्पचक्र म्हणू नका, पुष्पचक्र कुठे वाहतात ते आपल्याला ठाऊक आहे. आम्ही घरी ‘कडं’ म्हणतो. हिरव्या फांद्यांचं गोल कडं आणि त्यात चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक पेटते, दुसऱ्या रविवारी दोन, तिसऱ्या रविवारी गुलाबीसकट तीन, चौथ्या रविवारी चारही. काही जण मध्ये पाचवी पांढरी ठेवतात आणि ती नाताळच्या रात्री लावतात. रंगीत मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर चार साध्या घ्या आणि खाली रंगीत फीत बांधा. ओल्या फांद्या दोन आठवड्यांत वाळतात आणि पटकन पेट घेतात, म्हणून प्रार्थना संपली की मेणबत्ती विझवायचीच, ‘राहू दे, छान दिसतेय’ म्हणायचं नाही.

या कड्याचा उगम मला फार आवडतो. १८३९ मध्ये हॅम्बर्गमध्ये योहान हिन्‍रिख विशर्न हे प्रोटेस्टंट पाळक गरीब, निराधार मुलांसाठी एक घर चालवत होते. ‘नाताळ कधी?’ म्हणून मुलं रोज भंडावून सोडायची. तेव्हा त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची आणि मोजायचं. हे चाक पुढे कॅथॉलिक घरांत आणि चर्चमध्ये आलं. आज दिवाणखान्याची शोभा झालेली ही वस्तू मुळात ज्यांना घर नव्हतं त्यांच्या मोजणीसाठी बनली होती. ते आठवलं की सजावटीवरचा खर्च आपोआप कमी होतो.

आता रोजची दहा मिनिटं. वेळ ठरवा, शक्यतो रात्रीच्या जेवणाआधीची. दिवे मालवा. घरातल्या सर्वांत लहान माणसाने मेणबत्ती पेटवायची. क्रुसाची खूण करा. त्या दिवशीचं शुभवर्तमान एकाने सावकाश वाचा, तेवढंच, सगळी वाचनं नकोत. मग मिनिटभर शांत बसा. पहिल्या आठवड्यात हे मिनिट फार लांब वाटतं, कुणीतरी खोकतं, कुणाला हसू येतं, चालायचंच. त्यानंतर प्रत्येकाने एका अशा माणसाचं नाव घ्यायचं जो कशाची तरी वाट पाहतोय. नोकरीची, तपासणीच्या अहवालाची, परदेशी गेलेल्या मुलाच्या फोनची. नाव एका वहीत लिहा. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि ‘नमो मरिया’ म्हणा, फुंकर मारा, जेवायला बसा.

एकटे राहत असाल तरी हेच करा. फक्त वाचन मोठ्याने करा. मनातल्या मनात वाचलं की दुसऱ्याच ओळीला बाजाराची यादी आठवते.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. तिथून पुढे चालू ठेवा. आणि दहा मिनिटंही जड वाटत असतील तर ‘प्रभूचा दूत’ ही प्रार्थना पाठ करा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी म्हणायची ही जुनी प्रार्थना म्हणजे देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचीच गोष्ट आहे. आगमनकाळासाठी याहून नेमकं दुसरं काही नाही.

खोकं

ती वही हीच दानाची यादी. तिच्याशेजारी पहिल्याच रविवारी एक रिकामं खोकं ठेवा, दाराजवळ, येता-जाता दिसेल असं. रोज त्यात एक वस्तू पडली पाहिजे. मुलांच्या आगमन-कॅलेंडरमध्ये रोज एक खिडकी उघडून आतलं काहीतरी घ्यायचं असतं, इथे उलटं.

काय टाकायचं ते आपल्या मनाने ठरवू नका. इथेच सगळं बिघडतं. पॅरिशमध्ये कुणीतरी हे काम वर्षभर पाहत असतं: पॅरिश कौन्सिलची समाजसेवा समिती, एखाद्या सिस्टर, किंवा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा. ही सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्यांची पद्धत साधी होती: गरजू माणसाच्या घरी स्वतः जायचं, बसायचं, ऐकायचं, मग काय लागतं ते पाहायचं. आजही त्यांचे सभासद घरोघरी भेटी देतात, म्हणूनच कुठल्या घरात तान्हं बाळ आहे, कुणाला मधुमेह आहे, कुणाकडे चूलच नाही, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना विचारा, ‘‘या वर्षी काय कमी आहे?’’ उत्तर बहुधा खेळणी नसतं. अंथरूण-पांघरूण, साबण, सॅनिटरी पॅड, मोठ्या माणसांचे डायपर, शाळेची फी, थकलेलं भाडं असं काहीतरी असतं.

विचारायला योग्य वेळ कोणती? पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला ‘गरिबांचा जागतिक दिवस’ २०१७ पासून आगमनकाळाच्या बरोबर दोन रविवार आधी येतो. त्या दिवशी या विषयावर बहुतेक पॅरिशमध्ये काहीतरी बोललं जातं. मिस्सा संपल्यावर थांबा आणि गाठा.

खोक्याचे माझे काही नियम आहेत, चुका करून झालेले.

कपडे असे द्या जे तुम्ही स्वतः सणाच्या मिस्सेला घालून जाल. ‘अजून चालेल’ या शब्दाने दिलेली वस्तू देऊच नका. २०२७ मध्ये तिसऱ्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातला जो उतारा येईल त्यात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एकही नसलेल्याला एक द्यावा. दोनांतला फाटका कुठला, हे तो सांगत बसत नाही.

खाण्याच्या वस्तूंवरची मुदतीची तारीख पाहा. सहा महिने शिल्लक नसतील तर खोक्यात नको.

खेळणी कागदात गुंडाळून देऊ नका. खेळणं उघडं आणि रंगीत कागद वेगळा, असं द्या. हे मला एका अनुभवी सिस्टरांनी शिकवलं. गुंडाळलेली भेट हातात आली की मुलासाठी ती ‘चर्चच्या लोकांनी’ दिलेली असते. कागद वेगळा दिला की रात्री आई-बाप ती स्वतः गुंडाळतात आणि सकाळी ती त्यांच्या हातून मिळते. वस्तू तीच, पण त्या घरात कोण मोठं दिसतं ते बदलतं.

फोटो काढू नका. घेणाऱ्याला रांगेत उभं करून, हातात पिशवी देऊन फोटो हा प्रकार मी पाहिलेला आहे आणि एके वर्षी त्यात मीही हसत उभी होते, हेही कबूल करते. फोटोतल्या एका मुलीला शाळेत कुणीतरी ओळखलं. पुढच्या वर्षी ते कुटुंब आलं नाही. संत निकोलसची आख्यायिका या बाबतीत शहाणी आहे. चौथ्या शतकातला मायराचा हा बिशप, त्याने तीन गरीब मुलींच्या घरात सोनं टाकलं ते रात्री, खिडकीतून, नाव न सांगता. ६ डिसेंबरला त्याचा सण असतो. त्या दिवशी मुलांना ही गोष्ट सांगा आणि घरातल्याच कुणासाठी तरी एक काम गुपचूप करायला लावा.

आणि खोकं तिसऱ्या रविवारपर्यंत पोचवा. मी एकदा २४ तारखेला संध्याकाळी मोठ्या दिमाखात घेऊन गेले. वाटप दोन दिवसांपूर्वीच झालं होतं. सभागृहाला कुलूप होतं आणि ज्यांच्याकडे किल्ली होती त्या बाई क्वायरमध्ये सराव करत होत्या. खोकं जानेवारीच्या मध्यापर्यंत जिन्याखाली राहिलं. दिल्याचं समाधान मला मिळालं, बाकी कुणाला काही मिळालं नाही.

पैसे आणि वेळ

पैसे देण्यात कमीपणा मानू नका. भाडं आणि औषधं वस्तूंनी भागत नाहीत. रोमन विधीत आगमनकाळात सक्तीचा उपवास नाही, पण स्वतःहून काहीतरी सोडायची रीत आहे. सोडलं त्याचे पैसे वेगळ्या पाकिटात टाका, नाहीतर ते आपल्याच दुसऱ्या खिशात जातात. पाकीट कुठे द्यायचं ते स्पष्ट विचारा: मिस्सेतली नेहमीची वर्गणी चर्चच्या खर्चासाठी असते, गरिबांसाठीची पेटी वेगळी आणि दूरच्या आपत्तीग्रस्तांसाठी कारितास वेगळी. कारितास हे कॅथॉलिक मदत संस्थांचं जागतिक जाळं आहे, १६० हून अधिक राष्ट्रीय संस्था त्यात आहेत. पैसे कुठे जातात असं विचारलं म्हणून कुणाला राग येत नाही, आणि आलाच तर तोही एक प्रकारचा खुलासा समजा.

वेळ देणं मात्र अवघड, कारण तिथे खोकं ठेवून निघून येता येत नाही. चौथ्या रविवारी काही वर्षी मरिया आणि एलिझाबेथ यांच्या भेटीचा उतारा येतो. नुकताच निरोप मिळालेली तरुण, गरोदर मरिया डोंगराळ भागात जाते आणि म्हाताऱ्या, गरोदर नातेवाईक बाईजवळ सुमारे तीन महिने राहते. तिने काय नेलं याबद्दल लूक काही सांगत नाही, ती राहिली एवढंच सांगतो.

तुम्हाला तीन महिने जमणार नाहीत. तासभर जमेल. घरीच असलेल्या आजारी माणसांकडे ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेऊन जाणारे सेवक बहुतेक पॅरिशमध्ये असतात. त्यांच्यासोबत जाऊ का, असं विचारा. वृद्धाश्रम, रुग्णालय, तुरुंग किंवा मुलांच्या संस्थेत जायचं असेल तर एकट्याने, न कळवता जाऊ नका. पॅरिशमध्ये मुलांच्या आणि दुर्बलांच्या सुरक्षेचे नियम असतात, ओळखपत्र किंवा पडताळणी मागतील, ती अविश्वासाची खूण समजू नका. जाताना काय बोलायचं याची चिंता नको. ‘‘तुमच्या लहानपणी नाताळ कसा असायचा?’’ एवढा प्रश्न पुरतो, नंतर तुम्हाला बोलायची संधी मिळत नाही.

आणखी एक. डिसेंबरमध्ये सगळ्या संस्थांत गर्दी उसळते, फेब्रुवारीत कुणी फिरकत नाही. नाव नोंदवताना फेब्रुवारीची तारीख द्या. समन्वयकाचा चेहरा पाहा मग.

कन्फेशन आठवडाभर आधी

शेवटच्या दोन दिवसांत पापनिवेदनाची रांग दारापर्यंत जाते आणि फादर थकलेले असतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात जा. बऱ्याच पॅरिशमध्ये एका संध्याकाळी सामूहिक प्रायश्चित्त उपासना ठेवतात, तेव्हा बाहेरून आणखी फादर आलेले असतात. आधी शांतपणे बसून मन तपासा. ती वही इथेही कामी येते, कारण ज्यांची नावं आपण लिहायची टाळली ती माणसं कोण, हा प्रश्न आपोआप समोर येतो. आत गेल्यावर क्रुसाची खूण, मागचं पापनिवेदन कधी झालं ते, मग पापं सरळ शब्दांत, पाल्हाळ नको. फादर प्रायश्चित्त सांगतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, ते पापमुक्ती देतील. विसरायला होतं? ‘‘फादर, मला नीट येत नाही, मदत करा’’ असं म्हणा, एवढं पुरतं. स्नानसंस्कार अजून झाला नसेल तर हा संस्कार घेता येत नाही, पण फादरांशी बोलायला काहीच आडकाठी नाही.

१७ डिसेंबरनंतर

आता सगळं बेथलेहेमकडे वळतं. १६ ते २४ अशी नऊ दिवसांची नाताळची नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, अनेक ठिकाणी असते. आणि १७ ते २३ या सात दिवसांत सायंप्रार्थनेत सात प्राचीन हाका येतात: हे प्रज्ञे, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. प्रत्येक हाकेचा शेवट एकाच शब्दाकडे जातो: ‘ये’. लॅटिनमधली या नावांची आद्याक्षरं शेवटून सुरुवातीकडे वाचली तर ‘एरो क्रास’ असे शब्द बनतात, म्हणजे ‘उद्या मी असेन’. रोजच्या दहा मिनिटांत शुभवर्तमानाआधी त्या दिवसाची हाक म्हणा. सात दिवसांत पाठ होते.

गोठा

१२२३ च्या नाताळला इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाण, गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणवलं आणि तिथेच मिस्सा झाली. गोठ्याची परंपरा त्या रात्रीपासून पसरली. बैल-गाढव लूकच्या वर्णनात नाहीत हे मुलांना सांगा, ते यशयाच्या एका ओळीवरून आले आहेत. गोठा आगमनकाळात हळूहळू मांडा: आधी नुसता डोंगर आणि गवत, मग जनावरं, मग मरिया-योसेफ. बाळ २४ च्या रात्रीपर्यंत नाही. तीन ज्ञानी पुरुषांना घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रोज थोडं पुढे सरकवा, त्यांची वेळ जानेवारीत आहे. आमच्याकडे खोक्यात वस्तू टाकली की मुलांनी गव्हाणीत एक काडी गवत घालायचं, असं ठरलं आहे. बाळाचं अंथरूण किती मऊ होतं ते खोक्यावर अवलंबून.

नाताळची मिस्सा

नाताळच्या मिस्सा चार प्रकारच्या असतात: पूर्वसंध्येची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. प्रत्येकीची वाचनं वेगळी. पूर्वसंध्येला मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ, रात्री लूकचा जन्मवृत्तान्त, पहाटे मेंढपाळांची धाव, दिवसा शुभवर्तमानकार योहानाचं ‘प्रारंभी शब्द होता’. एका मिस्सेला गेलात तरी सणाचं कर्तव्य पूर्ण होतं. गोष्ट ऐकायची असेल तर रात्रीची निवडा. लहान मुलं असतील तर संध्याकाळची किंवा दिवसाची, हट्टाने मध्यरात्रीची नको.

रात्रीच्या मिस्सेला अर्धा तास आधी पोचा. ग्लोरिया परत येतं, बऱ्याच ठिकाणी घंटा वाजवत, आणि चार रविवार ते न म्हटल्यामुळे या वेळी अंगावर येतं. श्रद्धांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवा: देव मानव झाला या शब्दांपाशी इतर रविवारी आपण नुसती मान लववतो, नाताळला गुडघा टेकतो. सगळे एकदम खाली गेले की नवीन माणूस एकटाच उभा राहतो. राहिलात तरी काही बिघडत नाही.

कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या) तासभर आधीपासून पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचं नाही. कॅथॉलिक नसाल, किंवा कम्युनियन घ्यायच्या स्थितीत नसाल, तर जागेवर बसून राहा. काही ठिकाणी छातीवर हात आडवे ठेवून आशीर्वादासाठी पुढे जाता येतं, शेजाऱ्याला विचारून घ्या. मिस्सा संपल्यावर लगेच पळू नका. गोठ्यापाशी जा आणि एकटं उभं असलेलं कुणी दिसलं तर दुसऱ्या दिवशी जेवायला बोलवा. आमच्याकडे एक ताट दरवर्षी जास्तीचं वाढायचं, असा नियम आहे. आतापर्यंत ते रिकामं राहिलेलं नाही.

२५ नंतर

बाहेरची गाणी २६ तारखेला थांबतात, चर्चचा नाताळ तेव्हा नुकता सुरू झालेला असतो. आठ दिवस सणाचे. २६ ला संत स्तेफान, पहिला हुतात्मा. तो मुळात कोण होता ते वाचा: प्रेषितांच्या कृत्यांत, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी तक्रार झाली, तेव्हा जे सात जण नेमले त्यांतला तो एक. म्हणजे वाटपाच्या यादीवरून कुरबूर आपल्याच पॅरिशमध्ये होते असं नाही. २७ ला प्रेषित संत योहान, २८ ला हेरोदाने मारलेली निष्पाप बालकं. १ जानेवारीला देवमाता मरियेचा सण, आणि १९६८ पासून तोच जागतिक शांतता दिनही. ६ जानेवारीला, किंवा काही देशांत जवळच्या रविवारी, प्रकटीकरणाचा सण, तेव्हा आपले ज्ञानी पुरुष गोठ्यापाशी पोचतात. येशूच्या स्नानसंस्काराच्या सणाबरोबर नाताळकाळ संपतो आणि हिरवी वस्त्रं परत येतात.

त्या संध्याकाळी गोठा आवरायचा. वहीतली नावं एकदा वाचा: कुणाला नोकरी लागली, कुणाचा अहवाल आला, कुणाला अजून फोन आलेला नाही. त्यांच्यासाठी फेब्रुवारीची तारीख आहेच. मग मूर्ती कागदात गुंडाळून ठेवा आणि वर एक चिठ्ठी टाका, पुढच्या नोव्हेंबरमध्ये शोधाशोध नको म्हणून: जांभळ्या मेणबत्त्या तीन, गुलाबी एक, गाढवाचा कान चिकटवायचा आहे, खोकं मोठं घ्या.